दोन रोलमधल्या पावणेचार मिलिमीटरचे गणित

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका पालकांचे पत्र वाचले. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, गणितात दोनदा नापास. ‘शेवटी कंपनीत जाऊन मशीनच चालवायची, मग हे इंटिग्रेशन पोरांच्या माथी कशाला मारता?’ असे त्यांनी विचारले आहे. त्यांचा राग मला कळतो. पण मी स्वतः वाळूज एमआयडीसीत एकोणतीस वर्षे मशीनच चालवली. त्यातली पहिली सोळा वर्षे जे उमगत नव्हते, ते एका मुलीने गणिताने अर्ध्या तासात दाखवले. त्याआधी त्याच गोष्टीपायी मला एक मेमो मिळाला होता. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी मूळचा अंबड तालुक्यातला. आयटीआय फिटर करून १९९३ साली वाळूजला आलो आणि कॅलेंडरवर हेल्पर म्हणून लागलो. कॅलेंडर म्हणजे भिंतीवरचे नव्हे. पोलादाचे चार मोठे रोल असतात, तीन एकावर एक आणि चौथा खालच्याच्या शेजारी. आमचा एकेक रोल ६०० मिलिमीटर व्यासाचा आणि १८०० मिलिमीटर लांबीचा होता. नुसत्या पोलादाचा हिशेब केला तरी एक रोल चार टनांच्या आसपास भरतो. आतून गरम तेल फिरते. मिक्सर आणि मिलमधून मळून आलेला पीव्हीसीचा गरम लगदा पहिल्या दोन रोलच्या फटीत पडतो, दाबला जातो, दुसऱ्या फटीत जातो, मग तिसऱ्या. शेवटी रुंद पारदर्शक शीट बाहेर येते. आपण गोळ्यांचे पाकीट घेतो, त्यात प्रत्येक गोळी ज्या खळग्यात बसलेली असते ती पन्नी बहुतेक वेळा अशाच मशीनवर होते. तिची जाडी साधारण २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटर. मेणकापड, रेक्झिन, फरशीवर अंथरायचे पीव्हीसी, सगळे याच जातीचे काम.

दोन रोल समोरासमोर उलट दिशांनी फिरतात आणि माल आत ओढतात. फटीच्या तोंडाशी गरम मालाची एक लांब वळकटी तयार होते आणि ती जागच्या जागी गरगर फिरत राहते. तिला आम्ही बँक म्हणतो. कॅलेंडर ऑपरेटरचा निम्मा जन्म या बँककडे बघण्यात जातो. बँक पेन्सिलीएवढी असली तर काम सुरळीत. मनगटाएवढी झाली की बाहेरची बाजू थंड पडते, तो थंड माल आत ओढला जातो आणि शीटवर वाकड्या लाटा उमटतात. अगदीच बारीक झाली की फटीला माल पुरत नाही आणि हवा शिरते. जास्त वेळ एकाच जागी फिरत राहिलेला माल पिवळा पडतो. पीव्हीसी जळायला लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. ती नाकाला झोंबली की कोणी सांगायची वाट न बघता आम्ही तापमानाच्या पॅनलकडे धावायचो.

एक गोष्ट मला पहिल्याच वर्षी माझ्या उस्तादांनी दाखवली. पांढरा माल चालू होता. त्यांनी लाल पीव्हीसीची बोटभर पट्टी बँकच्या मधोमध टाकली. ती लगेच शीटमध्ये जाईल असे मला वाटले. तसे झाले नाही. लाल रंग बँकमध्ये गोल फिरू लागला, मळसूत्रासारखे वेटोळे घेत दोन्ही काठांकडे सरकू लागला, आणि शीटवर कितीतरी वेळ फिक्या गुलाबी रेघा येत राहिल्या. ‘आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पण असं चाललंय,’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्याकडे त्याहून अधिक शब्द नव्हते, आणि पुढची कैक वर्षे माझ्याकडेही नव्हते.

आता मेमोचे सांगतो. २००९ सालची गोष्ट. आमच्याकडे ३५० मायक्रॉनची शीट नेहमी चालायची. एक नवीन ऑर्डर आली, २५० मायक्रॉनची, आणि मागणी घाईची. शेवटची फट ०.३० वरून ०.२० मिलिमीटर केली आणि वेग मिनिटाला २५ मीटरवरून ३० वर नेला. माल तोच, तापमान तेच, माणसे तीच. शीट निघाली तेव्हा मी मायक्रोमीटर लावला. दोन्ही काठांना २४५, मध्यावर २६८. फट दोन्ही टोकांना पुन्हा तपासली, बरोबर होती. तासाभराने पुन्हा मोजले, तेच आकडे. त्या पाळीतला सगळा माल परत गेला. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद आला: ‘फट व्यवस्थित न लावल्याने, निष्काळजीपणामुळे नुकसान.’ तीन दिवसांचा पगार कापला. मी त्या मशीनवर सोळा वर्षे होतो. पगाराचे एवढे वाटले नाही; ‘निष्काळजी’ हा शब्द मात्र फार लागला.

त्याच महिन्यात परभणीकडची एक मुलगी ट्रेनी इंजिनिअर म्हणून आमच्या विभागात आली होती. वय बाविशीचे. ती माझ्याजवळ लॉगशीट मागायला आली आणि म्हणाली, ‘काका, फट दोन्ही टोकांना नीट असेल तर मध्ये जाड येणार म्हणजे रोल वाकला असणार.’ मी म्हटलं, ‘ताई, एवढा जाड पोलादाचा रोल प्लास्टिकने कसा वाकेल?’ तिने लॉगशीट उलटी केली आणि पेन्सिलीने दोन अर्धगोल काढले.

त्या कागदावर तिने जे मांडले ते मी नंतर वहीत उतरवून घेतले. वही अजून माझ्याकडे आहे. गणित जाणणाऱ्यांनी पुढच्या दोन-तीन परिच्छेदांतल्या माझ्या भाषेकडे दुर्लक्ष करावे, मी आम्ही बोलतो तसे लिहितो.

रोल गोल आहे, पण जिथे फट सर्वांत अरुंद असते त्या जागेच्या आसपास तो जवळपास सपाटच दिसतो. फट इतकी बारीक की माल आडवा-तिडवा जायला जागाच नाही, तो थराथराने पुढे सरकतो. रोलला चिकटलेला थर रोलच्या वेगाने जातो. मधल्या थराचा वेग दाबावर ठरतो. एवढ्या तीन गोष्टी धरल्या की दाबाचे एक सरळ समीकरण मिळते आणि त्याचे इंटिग्रेशन वही-पेन्सिलने होते. ही युक्ती जुनी आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती १८८६ साली बेअरिंगमधल्या तेलासाठी मांडली. आमच्या वडिलांची बैलगाडी होती, आसाला वंगण घालताना मी कितीदा चाक धरून उभा राहिलेलो आहे. त्या वंगणाचे आणि माझ्या कॅलेंडरचे समीकरण एकच आहे, हे ऐकून मी त्या दिवशी खरोखर गप्प झालो.

तिने आमच्या रोलचे आकडे घातले. व्यास ६००, फट ०.२०. मला वाटायचे की सर्वांत जास्त दाब सर्वांत अरुंद जागी असणार. नाही. दाबाचे शिखर त्याच्या सुमारे पावणेचार मिलिमीटर आधीच येते, आणि अरुंद जागी दाब शिखराच्या बरोबर निम्मा उरलेला असतो. तिथून पुढे पावणेचार मिलिमीटरवर शीट रोलपासून मोकळी होते आणि तिथे दाब शून्य. म्हणून ०.२० च्या फटीतून शीट ०.२४५ ची निघते, फटीपेक्षा सुमारे २२ ते २३ टक्के जास्त जाड. हा आकडा साध्या द्रवाचा, बँक भरपूर आहे असे धरून काढलेला. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये वाढ थोडी जास्तच असते, आणि पुढे शीट ओढताना ती पुन्हा पातळ होते. आम्ही ऑपरेटर लोक ‘फट हव्या त्या जाडीपेक्षा कमी ठेवायची’ हे हातानेच शिकलो होतो. किती कमी, याचा उलगडा त्या कागदावर झाला.

आणि बँक! अरुंद जागेत मधला थर रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त वेगाने धावतो. पण त्याच्या साडेबारा मिलिमीटर मागे, जिथे फट पाऊण मिलिमीटरच्या आत-बाहेर असते, तिथे मधला माल चक्क उभा राहतो, आणि त्याहून मागे तो उलटा, बाहेरच्या बाजूला वाहतो. कडेचा माल आत, मधला माल बाहेर. म्हणून वळकटी फिरते. उस्तादांची लाल पट्टी का घुटमळत होती ते मला सोळा वर्षांनी कळले. ते तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितले असते.

आता वाकण्याचे. दाब आहे म्हणजे तो रोलना एकमेकांपासून दूर ढकलणार. साध्या द्रवात फट निम्मी केली तर हे बल दुप्पट होते, वेग दुप्पट केला तरी दुप्पट. वितळलेले पीव्हीसी मात्र जितके जोरात घासावे तितके पातळ वागते, त्यामुळे बल इतके वाढत नाही. आमच्या मालाचा पातळ होण्याचा घातांक तिने ०.४ धरला. फट ०.३० ची ०.२० आणि वेग २५ चा ३०, दोन्ही मिळून बल सव्वापट. रोल टोकांना बेअरिंगवर टेकलेला, मध्ये मोकळा. बल सव्वापट झाले की वाकणेही सव्वापट. आधीच्या शीटसाठी दोन्ही रोल मिळून मध्यावर सुमारे ८० मायक्रॉन वाकतात असे धरून रोलना ‘क्राउन’ दिलेला होता, म्हणजे रोल मध्ये किंचित फुगीर घासलेला. तो फुगवटा ३५० च्या मालाला पुरेसा होता. नवीन मालाला वीस-एकवीस मायक्रॉन कमी पडला. माझा मायक्रोमीटर सांगत होता २३.

मी तो कागद हातात धरून बराच वेळ उभा होतो. फट मी बरोबरच लावली होती.

उपायही मशीनवरच होता. एका रोलचा अक्ष दुसऱ्याच्या तुलनेत किंचित तिरका करता येतो. तिरका केला की टोकांना फट उघडते आणि मध्यभाग आपोआप जुळतो. ही सोय आमच्या मशीनला पहिल्यापासून होती, पण तिच्या चाकाला कुलूप लावून ठेवले होते, कारण ते कधी आणि किती फिरवायचे हे पाळीवरच्या कोणालाच शिकवलेले नव्हते. त्या मुलीने हिशेब घालून दिला, आम्ही थोडे थोडे फिरवत गेलो आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत फरक सात मायक्रॉनवर आला. काठ आणि मध्य यांच्या दरम्यान दोन बारीक उंचवटे राहिले. रोलचा वाक आणि तिरकेपणाचा वाक तंतोतंत सारखा नसतो, ते राहणारच होते. माल पास झाला. माझा मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही. २०२२ मध्ये निवृत्त झालो तेव्हाही तो फाइलमध्ये होता.

तर त्या पालकांना माझे सांगणे हे आहे की मशीन चालवणाऱ्याला गणित लागत नाही असे नाही. मशीन चालवणाऱ्याला गणित कोणी दिलेले नसते, आणि ज्यांच्याकडे ते असते त्यांना मशीन कोणी दाखवलेले नसते. त्या मुलीने मला नंतर सांगितले की तिच्या पाठ्यपुस्तकात कॅलेंडरिंगला जेमतेम दोन पाने होती आणि तिच्या बरोबरीच्या मुलांपैकी बहुतेकांनी कॅलेंडर डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. हे मला अजून सलते. छत्रपती संभाजीनगरात १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. चिकलठाण्यात प्लास्टिकचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची सिपेट आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव इथल्या कारखान्यांत पॉलिमरचे काम चालते. हे सगळे एका दिवसाच्या फेरीत बसेल एवढ्या अंतरावर आहे. तरी प्रकल्पाच्या वेळी मुलांना छापील प्रोजेक्ट विकत घेताना मी पाहिले आहे. माझ्या शेजारच्या मुलाने तसाच घेतला होता.

महागडे सॉफ्टवेअर नाही म्हणून हे काम होत नाही, असे मला एका प्राध्यापकांनी सांगितले. पण रबराचा कॅलेंडर अमेरिकेत १८३६ साली एडविन चॅफी यांनी केला तेव्हा कुठले सॉफ्टवेअर होते? प्लास्टिकच्या कॅलेंडरचे जे गणित मी वर सांगितले ते आर. ई. गॅस्केल यांनी १९५० साली मांडले, संगणक न वापरता. पुढच्याच वर्षी बर्गन आणि स्कॉट यांनी फिरत्या रोलमधला दाब प्रत्यक्ष मोजला आणि साध्या द्रवाचे गणित प्लास्टिकला कुठे कमी पडते ते दिसू लागले. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत संगणकावर बारीक बारीक तुकडे पाडून बँकमधली भोवऱ्यासारखी फिरणी, मालाचे तापणे, हे सगळे काढता येऊ लागले. त्या वाटेने जायचे तर आज ओपनफोमसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. आणि गॅस्केल यांचे गणित तर एक्सेलच्या एका पानावर बसते. मी मोबाइलवर बसवून पाहिले आहे. नातवाने सूत्रे टाकायला मदत केली.

यात मराठवाड्याचे काय, असे कोणी विचारील. माझ्या धाकट्या भावाने गावाकडे शेततळे केले आहे. त्यात ५०० मायक्रॉनचा कागद अंथरला आहे. शेततळ्याचा कागद सहसा कॅलेंडरवर होत नाही, पण सपाट डायमधून काढतात तेव्हा तोही गरम असताना रोलच्या फटीतूनच जातो आणि तिथेच त्याची जाडी ठरते. पाचशे सांगितलेला कागद एखाद्या पट्ट्यात चारशेच भरला तर उन्हाळ्यात, जेव्हा त्या तळ्यातल्या पाण्यावर मोसंबी जगवायची असते, तेव्हा तो कुठे फाटेल हे शेतकऱ्याला आधी कळत नाही. जाडीतला फरक इथल्या माणसाला असा भेटतो. म्हणून कागद घेताना मी भावाला मायक्रोमीटर घेऊनच पाठवले होते. काठाला आणि मध्याला, दोन्हीकडे मोजून घ्यायला सांगितले.

माझ्या मागण्या फार नाहीत. डिप्लोमाच्या मुलांना तिसऱ्या वर्षी किमान आठवडाभर एका रोलपाशी उभे करावे, हातात मायक्रोमीटर आणि लॉगशीट देऊन. त्यांनी फट, वेग आणि जाडी स्वतः लिहावी आणि कॉलेजात परतल्यावर तेच आकडे समीकरणात घालावेत. कारखान्यांनी रोलवरच्या बलाचे आकडे पॅनलच्या कोपऱ्यात लपवू नयेत, पाळीच्या नोंदीत लिहू द्यावेत. ज्याला तो आकडा दिसतो त्याला रोल किती वाकतोय हे माल परत यायच्या आधी कळते. आणि ऑपरेटरच्या प्रशिक्षणात हे सगळे मराठीत सांगावे. अभियांत्रिकी मराठीतून शिकायला २०२१ पासून परवानगी मिळाली आहे. तशीच चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका कॅलेंडरवाल्यांसाठी का निघू नये? निप (दोन रोलमधली अरुंद जागा), बँक, फट, क्राउन, शब्द तर आमच्या तोंडात आहेतच. दाब कुठे वाढतो याचे चित्र काढून दाखवले तर नवीन पोरगा बँकमध्ये काठी घालायला जाणार नाही. जी ओढ माल आत नेते तीच हातमोजाही नेते. आमच्या एका सोबत्याची दोन बोटे अशी गेली, त्याला कोणीच ते चित्र काढून दाखवले नव्हते.

त्या पालकांचा मुलगा नापास झाला आहे, तर मला त्याला भेटायला आवडेल. मी बजाजनगरला राहतो, रविवारी सकाळी घरीच असतो. माझ्याकडे १९९३ पासूनच्या चार वह्या आहेत. कोणत्या मालाला किती फट, किती वेग, काठाला किती, मध्याला किती, सगळे तारखेनिशी लिहिलेले आहे. त्यातली २००९ ची वही आणि ती उलटी लॉगशीट त्याने पाहावी. एखाद्या महाविद्यालयाला मुलांच्या प्रकल्पासाठी या वह्या हव्या असतील तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी स्वतः आणून देईन. एवढीच अट आहे की मुलांनी त्यातले आकडे गणितात घालून, उत्तर जुळले की नाही ते मला कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त कॅलेंडर ऑपरेटर
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर